गाडीला खरचटलंसुद्धा नाही!

जुन्या गाड्यांच्या धंद्यात एक गंमत असते. गाडी येते, धुतली जाते, पुसली जाते आणि पंधरा दिवसांत कुणाच्या तरी दारात जाऊन उभी राहते. तिच्या मालकानं सांगितलेली गोष्ट मात्र आमच्याकडंच राहते. तिला गिऱ्हाईक नसतं! अशा गोष्टी साठत साठत आता इतक्या झाल्यात, की यार्डात गाड्या कमी आणि गोष्टीच जास्त उभ्या आहेत. परवा भिशीला मैत्रिणींनी हट्टच धरला, "रूथ, तुझ्या यार्डातलं सांग ना काहीतरी." सांगता सांगता चहा गार झाला. म्हटलं, आता तुम्हालाही सांगून टाकावं.

नगर-मनमाड रोडला, नागापूर एमआयडीसीच्या जरा अलीकडं आमचं यार्ड आहे. आमचं म्हणजे बाळासाहेबांचं. मी आधी एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होते. ऑफिस पुण्याला गेलं, मी गेले नाही. तेव्हा बाळासाहेब म्हणाले, "ताई, इतकी वर्षं लोकांनी गाड्या कुठं कुठं ठोकल्या तेच वाचलंत ना? आमच्याकडं या. इथंही तेच वाचायचंय!"

तर गाडी आली, की तिची कुंडली मी काढते. विम्याचा क्लेम झालाय का, सर्व्हिस सेंटरमध्ये काय काय बदललंय, कागद जुळतात का, सगळं. तिसरे आमचे असलमभाई. डेंटिंग-पेंटिंगचं त्यांचं शेड यार्डाच्या मागच्या अंगाला आहे. बाळासाहेब बोलतात, मी वाचते आणि असलमभाई ठोकून बघतात. असा आमचा कारभार.

या धंद्याचं एकच सूत्र: अपघात झाला, की भाव पडला. बंपर किंवा दरवाजा घासला असेल तर लोक माफ करतात. पण खालचा सांगाडा वाकलाय किंवा एअरबॅग उघडून गेल्यात असं कळलं, की गाडी कितीही चकचकीत असू दे, गिऱ्हाईक चहासुद्धा न घेता जातं. म्हणून गाडी विकायला येणारा प्रत्येक माणूस, आम्ही काही विचारायच्या आत, गेटातूनच एक वाक्य म्हणत येतो, "गाडीला खरचटलंसुद्धा नाही!"

आमच्या यार्डाची ही रोजची प्रार्थना आहे म्हणा ना.

* * *

श्रीगोंद्याकडचे एक तात्या आले. मोठे ऊसवाले, बोलणं ठणठणीत. गाडीही मोठी. फक्त तिचं बॉनेट एका बाजूनं जरा हसल्यासारखं दिसत होतं.

मी विचारलं, "तात्या, ॲक्सिडेंट झालाय का कधी?"

"न्हाई."

"पण बॉनेट बदललंय. रेडिएटर बदललाय. डावा दिवा नवा आहे."

"व्हय. समदं बदाललंय. पन ॲक्सिडेंट न्हाई."

"मग काय झालं होतं?"

तात्यांनी खुर्ची पुढं ओढली. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "ॲक्सिडेंट म्हंजी कसं मॅडम, त्याला दोन गाड्या लागत्यात. आमच्यात एकच गाडी हुती."

"मग ती धडकली कशाला?"

"उसाच्या ट्रॉलीला."

बाळासाहेब मध्ये पडले. "अहो तात्या, ट्रॉली म्हणजे गाडीच की!"

"कशी काय? ट्रॅक्टर सोडून कवाच गेल्ता. नुस्ती ट्रॉली हुबी हुती कडंला. इंजन न्हाई, डायवर न्हाई. तिला चाकं हायेत म्हनून गाडी म्हनता व्हय? चाकं तर माज्या नातवाच्या पांगुळगाड्यालाबी हायेत! त्याला धडाकलो तर ॲक्सिडेंट म्हननार का तुमी?"

बाळासाहेबांनी निमूटपणे भाव सांगितला. तो तात्यांच्या मनातल्या भावापेक्षा बराच खाली होता.

तात्या उसळले. "आरं, पैसं कशाचं कापतो? ॲक्सिडेंट न्हाई म्हनून सांगतोय ना!"

बाळासाहेब हात जोडून म्हणाले, "ॲक्सिडेंटचे एक रुपयाही कापले नाहीत तात्या. हे ट्रॉलीचे कापलेत."

तात्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मंग आसं सरळ बोला की!"

आणि गाडी देऊन गेले!

* * *

बाळासाहेबांनी एकदा रंग मोजायचं मीटर आणलं. हातात मावेल एवढं यंत्र. पत्र्याला टेकवलं, की रंगाचा थर किती जाड आहे ते आकड्यात सांगतं. कंपनीचा मूळ रंग पातळ असतो. आकडा भलताच फुगला, की समजायचं, आत खड्डा बुजवायची लांबी भरलेली आहे, म्हणजे पत्रा कुठंतरी चेपला होता.

मीटर आलं आणि बाळासाहेबांना लहान पोराला शिट्टी मिळाल्यासारखं झालं. यार्डातल्या सगळ्या गाड्या मोजून झाल्या. शेजारच्या टायरवाल्याचं शटर मोजून झालं. मग म्हणाले, "चला, आता एक नंबर ओरिजनल गाडी कशी असते ते दाखवतो."

ती त्यांची स्वतःची गाडी. सख्ख्या मेव्हण्याकडून घेतलेली. "घरातली गाडी आहे, डोळे झाकून घेतली," असं ते आल्या-गेल्याला सांगायचे.

मीटर उजव्या बाजूला टेकवलं. आकडा झकास. मागं टेकवलं. झकास. डाव्या दरवाजाला टेकवलं आणि आकडा जो वर निघाला तो थांबेचना! असलमभाईंनी गाडीवर बोटानं टकटक केलं. म्हणाले, "बाळासाहेब, हा दरवाजा नाही, भिंत आहे. गिलावा केलाय."

बाळासाहेबांनी तिथंच उभं राहून मेव्हण्याला फोन लावला. आम्ही आजूबाजूलाच होतो आणि फोन स्पीकरवर होता.

"अरे, डावी बाजू पूर्ण ठोकलेली आहे! बोलला नाहीस?"

पलीकडून शांत आवाज आला, "दाजी, तुम्ही विचारलंच नाही. तुम्हीच म्हणाला होता ना, घरातल्या माणसाची काय तपासणी करायची!"

रागाच्या भरात बाळासाहेब मीटर घेऊन घरी गेले. वहिनींना गाडीपाशी उभं करून त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला. वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन एक डबी घेऊन आल्या.

"आता ह्या लावून बघा बरं. लग्नात तुमच्या आईंनी घातलेल्या पाटल्या आहेत."

तेव्हापासून ते मीटर यार्डाबाहेर गेलेलं नाही.

* * *

एकदा एक जोडपं आलं. दोघंही नोकरीवाले, नीटनेटके, सावेडीत राहणारे. गाडीही तशीच नीटनेटकी. साहेबांनी बसता बसताच सांगितलं, "मॅडम, एकही क्लेम नाही. मी गाडी जिवापाड जपतो."

मी विम्याची माहिती काढली. एक क्लेम दिसला. आता माझं कामच ते, मी वाचलं, "पुढचा बंपर आणि उजवा दिवा. घराच्या फाटकाला धडक."

साहेब हसले. "दुसऱ्या कुणाची तरी गाडी असेल."

"नंबर हाच आहे, साहेब."

मग त्यांनी हळूहळू मान वळवून बायकोकडं बघितलं. बाई खिडकीतून बाहेर, समोरच्या वजनकाट्याकडं एकटक बघत होत्या.

"मी दिल्लीला ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही यायच्या आत नवीन बसवून घेतला. तुम्हाला कळलं तरी का?"

"प्रश्न बंपरचा नाही! प्रश्न विश्वासाचा आहे! नवरा-बायकोत अशी लपवालपवी? मी कधी एक गोष्ट लपवली तुझ्यापासून?"

साहेबांचा आवाज चढत गेला. असलमभाई शेडमधून डोकावून गेले. बाळासाहेबांनी चहा सांगितला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, कशाला वाचलं असं झालं. काहीतरी करायचं म्हणून मी स्क्रीन खाली सरकवली आणि सवयीनं वाचून गेले, "दुसरा क्लेम. मागचा दरवाजा. ठिकाण महाबळेश्वर."



बाईंनी पदरानं डोळे पुसले. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "महाबळेश्वर? आपण कधी गेलो हो महाबळेश्वरला?"

साहेबांनी घसा साफ केला.

बाई माझ्याकडं वळल्या. "मॅडम, जरा तारीख वाचता का? आणि खाली अजून काही आहे का बघा ना."

साहेब ताडकन उठून उभे राहिले. "बाळासाहेब, तुम्ही म्हणाल त्या भावात गाडी घ्या!"

* * *

हा किस्सा अगदी छोटा आहे, पण राहायला नको.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघणारे एक साहेब गाडी घ्यायला आले. येताना लोहचुंबक, बॅटरी आणि एक सतरंजी घेऊन आले! सतरंजी गाडीखाली अंथरून आडवे झाले. लांबीवर लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून ते पूर्ण गाडीवरून फिरवलं. एखादी काच बदललीय का म्हणून काचांवरचे बारीक आकडे एकमेकांशी ताडून बघितले. सगळी सकाळ त्यात गेली. एकही खोट सापडेना, तसा त्यांचा चेहरा उतरत चालला.

"गाडी ओरिजनल आहे, हे मान्य करावं लागेल," शेवटी ते म्हणाले. "पण भाव जास्त आहे."

"खरचटलेली नाही साहेब, म्हणून जास्त आहे," बाळासाहेब म्हणाले.

मग चक्कर मारायला निघाले. मागच्या चाकाचा आवाज ऐकायचा म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यांनी गाडी मागं घेतली. चाकाचा आवाज आला नाही, गेटच्या खांबाचा आला! मागचा बंपर आत आणि डिकी तिरकी.

आम्ही पळत गेलो. साहेब उतरले. वाकून बघितलं. खिशातून लोहचुंबक काढून चेपलेल्या भागावर फिरवलं. मग सरळ होऊन गंभीरपणे म्हणाले, "बाळासाहेब, भावाचं पुन्हा बघावं लागेल. ही गाडी आता ॲक्सिडेंटल आहे."

"अहो, पण ठोकली कुणी?"

"ते महत्त्वाचं नाही. रिपोर्टमध्ये कुणी ठोकली ते कुठं येतं?"

* * *

सगळेच किस्से काही हसायचे नसतात.

बेलापूरचा नवनाथ आणि त्याची आई गाडी बघायला आले होते. नवनाथचं गावात धान्याचं दुकान आहे. त्याचा थोरला भाऊ गाडीच्या अपघातात गेला होता, त्या गाडीला एअरबॅग नव्हत्या. तेव्हापासून आईचं एकच म्हणणं होतं: फुगेवाली असेल तरच गाडी घ्यायची, नाहीतर आहे ती मोटारसायकलसुद्धा विकून टाक.

बाळासाहेबांनी एक लाल गाडी दाखवली. बाहेरगावच्या एका एजंटाकडून नुकतीच घेतली होती. मी काढलेल्या माहितीत एकही क्लेम नव्हता. म्हातारी पुढच्या सीटवर बसली. समोरच्या डॅशबोर्डवर हात ठेवून तिनं विचारलं, "हितून निघतो का फुगा?"

"हो आई, इथून एक आणि स्टेअरिंगमधून एक."

तिनं तिथं हात फिरवला. तसाच, जसा नातवाच्या डोक्यावरून फिरवतात. मग म्हणाली, "घे रं हीच."

सौदा ठरला. मायलेकरं जेवायला गेली. गाडी देण्याआधी एकदा बघावी म्हणून असलमभाईंनी चावी फिरवली आणि ते समोरच्या दिव्यांकडं बघत बसले. चावी फिरवली, की एअरबॅगचा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो, म्हणजे सगळं ठीक. इथं तो लागला आणि विझलाही. पण ऑइलचा दिवा विझला त्याच क्षणी. पुन्हा फिरवली. पुन्हा दोघं बरोबरच.

"मॅडम, ह्या दोघांचं लग्न लावलंय कुणीतरी," ते म्हणाले. म्हणजे एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली होती, बॅग नसली तरी दिवा विझावा म्हणून.

त्यांनी स्टेअरिंगचं झाकण काढलं. आत एअरबॅग नव्हती. आत नीट घडी करून कोंबलेला एक टॉवेल होता. कुठल्यातरी लॉजचा.

असलमभाई हळू आवाजात म्हणाले, "निदान ठोकल्यावर तोंड पुसायची तरी सोय केलीय."

कुणीच हसलं नाही. टॉवेल निघाला, म्हणजे गाडी पूर्वी कुठंतरी जोरात धडकली होती. विम्याकडं न जाता रोखीत परस्पर दुरुस्त केली, म्हणून माझ्याकडं काहीच दिसलं नाही. जे कुणी सांगितलंच नाही, ते रिपोर्टमध्ये येणार कुठून?

मायलेकरं परत आली, पेढ्याचा पुडा घेऊन. गंजलेल्या पत्र्याचीही तारीफ करू शकणाऱ्या आमच्या बाळासाहेबांनी पुडा बाजूला सरकवला. आणि टॉवेलच म्हातारीपुढं धरला. "आई, फुगा नाही आत. हे निघालं. मी फसलो, पण तुम्हाला फसवणार नाही. ही गाडी घेऊ नका."

म्हातारीनं टॉवेल हातात घेतला, उलटून पालटून बघितला. मग विचारलं, "मंग आता ही दुसऱ्या कुनाला इकनार?"

"नाही. फुगे बसवल्याशिवाय कुणालाच नाही."

"खरे बसवनार?"

"कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. तुमच्या नवनाथसमोर."

"मंग बसवा. आमी थांबतो."

आणि थांबले खरंच. गाडी वर्कशॉपला गेली, दोन्ही एअरबॅग आणि बाकीचंही सगळं नवीन बसलं. नवनाथ तिथं स्टूल टाकून बसला होता. सांगाडाही तपासून घेतला, तो सरळ निघाला. त्या गाडीत बाळासाहेबांना काय सुटलं ते विचारू नका. नंतर कितीतरी दिवस त्या एजंटाचं नाव काढलं, की ते चहाचा कप खाली ठेवायचे.

गाडी न्यायच्या दिवशी म्हातारीनं हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गाडीत बसली, काच खाली केली आणि असलमभाईंना हाक मारली.

"त्यो टावेल कुठंय?"

असलमभाई गोंधळले. "आहे शेडमध्ये. का हो आई?"

"द्या की हिकडं. गाडी पुसाया लागंल!"

* * *

आता सॅम्युअल सर. आमच्या चर्चमधले, मला शाळेत गणित शिकवलेले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलीनं गाडी चालवायला बंदी केली. म्हणून त्यांनी आपली लहानशी गाडी आमच्याकडं विकायला लावली. अट एकच: घेणाऱ्याला सगळं खरं सांगायचं. आणि आमच्यावर भरवसा नाही म्हणून ते स्वतःच रोज सकाळी रिक्षानं येऊन गाडीशेजारी खुर्ची टाकून बसायचे!

गिऱ्हाईक आलं, की सर उठून सुरुवात करायचे. "हा पोचा बघा. हा मी भिंगारला भाजीच्या हातगाडीवर घातली तेव्हाचा. चूक माझी. हा आरसा चर्चच्या फाटकात गेला. त्यातही चूक माझी. हा ओरखडा मात्र म्हशीचा आहे. तिथं दोघांचीही होती."

गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं आणि बाळासाहेबांना बाजूला नेऊन विचारायचं, "एवढं सांगतंय म्हातारं, मग लपवतंय किती?"

गाडी जाईना. बाळासाहेब टेकीला आले. "सर, तुम्ही घरी आराम करा ना. मी खोटं बोलणार नाही. फक्त थोडं कमी बोलेन."

सर म्हणाले, "बाळासाहेब, अर्धं उत्तर लिहिलं तर मी अर्धेच मार्क द्यायचो."

शेवटी एक नर्स आली. सिव्हिलमध्ये कामाला, रोज राहुरीहून ये-जा करणारी. तिनं सरांचं सगळं ऐकून घेतलं, म्हशीसकट. मग म्हणाली, "मी कितीतरी गाड्या बघून आले. सगळीकडं 'काही झालं नाही, काही झालं नाही.' पेशंट असं म्हणायला लागला ना, की आम्ही आधी सलाईन लावतो. ह्या सरांनी दुखतंय कुठं ते तरी सांगितलं!"

तिनं असलमभाईंकडून गाडी तपासून घेतली आणि त्याच दिवशी नेली. सर डोळ्याला रुमाल लावून गेटपर्यंत गेले. ऑपरेशनमुळं, असं म्हणाले.

पुढं महिनाभरानं त्या नर्सचा मला फोन आला. म्हटलं, काही बिघडलं की काय!

"नाही मॅडम, गाडी छान आहे. पण सरांना जरा सांगाल का? त्यांना अजून आठवतंय आणि ते रोज फोन करतात. काल म्हणाले, मागच्या सीटवर एकदा बोकड बसला होता, ते सांगायचं राहिलं!"

* * *

आणि आता शेवटचा. हा सांगितला, की मैत्रिणी म्हणतात, "हे तू रचलेलं आहेस." रचायला मला कुठं येतंय?

एक इंजिनिअर साहेब स्वतःची गाडी विकायला घेऊन आले होते. करडी, मोठी, अगदी लखलखीत. माझ्याकडं त्या गाडीवर एकही क्लेम नव्हता. असलमभाईंचं म्हणणं पडलं, "बॉनेट आणि बंपर रंगवलंय, पण काम चांगलं आहे. बाकी सांगाडा एकदम सरळ."

साहेब म्हणाले, "दगड उडाला होता रस्त्यावरचा. तेवढाच टचअप."

तेवढ्यात भागचंद आणि त्याची बायको आले. भागचंद पारनेरकडचा दूधवाला. पूर्वी मोटारसायकलला कॅन लावून दूध घालायचा, आता स्वतःची डेअरी आहे. जरा लंगडत चालायचा. आला, सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली आणि त्या करड्या गाडीपाशी येऊन थबकला. तिच्या नंबरकडं बघितलं. पुढं झुकून बॉनेटवर हात ठेवला. मग मागं वळून बायकोकडं बघितलं आणि असा हसला, की मला वाटलं, ह्याला जुना मित्रच भेटला!

गाडीचा मालक तिथंच आहे म्हटल्यावर बाळासाहेबांनी गाडीशेजारच्याच टेबलापाशी गाठ घालून दिली. भागचंदनं साहेबांना नमस्कार केला. साहेबांनी केला. ओळख काही दिसली नाही.

"गाडी कशी हाय साहेब?"

"मक्खन आहे! मी एकट्यानंच चालवलीय."

"कुटं लागली-बिगली हाय का?"

"छे हो! मॅडमना विचारा, एक क्लेम नाही."

मी म्हटलं, "क्लेम नाही हे खरं आहे."

भागचंदनं मान डोलावली. "आन् ब्रेक?"

"ब्रेक एकच नंबर."

"न्हाई, म्हंजी बगा, रस्त्यानं चाललाव आन् एकदम कोन आडवं आलं तर?"

"जागच्या जागी थांबते!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "एक इंच पुढं जात नाही."

"जाती साहेब."

"अहो, माझी गाडी आहे. तुम्हाला काय माहीत?"

"मी आडवा आल्तो ना!"

बाळासाहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. साहेब भागचंदकडं बघत राहिले. मग त्यांची नजर त्याच्या पायाकडं गेली. चेहऱ्याचा रंग पार उतरला.

"दुधाचे... कॅन?" ते कसेबसे म्हणाले.

"व्हय. सुप्याच्या फुडं. कॅन बसला हितं बॉनेटवर आन् मी बसलो रस्त्यावर."

"तुमच्या डोक्याला तेव्हा बँडेज होतं... मी ओळखलंच नाही हो."

"तुमी कुटून वळखनार? मी मातूर गाडीला वळाकलं."

साहेब खुर्चीत खाली सरकले. आता काय होतंय, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. बाळासाहेब उगाच टेबलावरच्या वस्तू सरळ करायला लागले.

भागचंदची बायको पुढं झाली. "तुमी तवा थांबला दादा. ह्येंला उचलून ह्याच गाडीत घातलं आन् नगरला दवाखान्यात आनलं. मी येईस्तवर बसून ऱ्हायला. लोकं पळून जात्यात." एवढं बोलून तिनं डोळ्याला पदर लावला.

साहेब खुर्चीतून उठले.

भागचंदनं मग गाडीचं मागचं दार उघडलं, आत हात घालून सीट दाबून बघितली. "शीट लई मऊ हाय हिचं. आख्ख्या रस्त्यानं आडवा पडून आल्तो, पन एक हिसका न्हाई बसला."

मग त्यानं दार लावलं. आवाज ऐकला. पुन्हा पुढं येऊन बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

बाळासाहेब त्याच्याजवळ गेले. "भागचंदशेठ, दुसरी दाखवू का एखादी? बिनॲक्सिडेंटची?"

"कशाला? हीच घ्यायची."

"अहो, पण हिनंच तर तुम्हाला..."

"म्हनून तर! हिच्या म्होरं हुबं ऱ्हान्यापरीस आत बसल्यालं बरं!"